दुकानात उभं राहून रॅचेट कसा पारखायचा

मृगाच्या आधीचे दिवस होते, रोटाव्हेटरची पाती बदलायला घेतली होती, चार पाती निघाली आणि पाचव्याच्या बोल्टला रॅचेट, म्हणजे न काढता पुढं-मागं करून नट फिरवायचा पाना, लावून ताण दिला तर आतून खट्ट आवाज आला आणि हँडल एकदम मोकळं सुटलं. मूठ सरळ शेजारच्या पात्याच्या धारेवर. तीन टाके पडले, त्याचं एवढं काही नाही, पण पेरणीच्या तोंडावर आठ दिवस उजवा हात बांधून बसायची पाळी आली, त्याचा राग मला अजून आहे. तो रॅचेट आठवडी बाजारातनं घेतलेला, ४६ नगांच्या डब्यातला, आरशासारखा चकाकणारा आणि दांड्यावर ठळक 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं. हात बरा झाल्यावर त्याचं डोकं खोलून बघितलं तर आतला कुत्रा, म्हणजे चक्राच्या दात्यांत अडकणारा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा आणि त्याचे दात घासून पार गोल झालेले. म्हणजे चमक सगळी बाहेर, आणि ज्याच्या जिवावर आपण ताण देतो ती वस्तू एवढुशी.

मी वाळूजला एमआयडीसीत मेंटेनन्समधे फिटर आहे, कंपनीत दिवसभर हातात पानाच असतो, आणि गंगापूरकडं घरची शेती असल्यानं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, विहिरीवरची मोटार हे बी आपल्यालाच बघावं लागतं. आजूबाजूची पोरं विचारतात की भाऊ रॅचेट कोणता घेऊ, तर प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो.

आधी आत काय असतं ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. सायकलचं फ्रीव्हील आठवा, पायडल पुढं मारलं की चाक ओढतं आणि मागं फिरवलं की नुसतं कर्र कर्र वाजतं. तेच काम इथं. डोक्यात एक दातेरी चक्र असतं, त्यालाच बाहेरचा चौकोन जोडलेला असतो ज्याच्यावर आपण गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, बसवतो, आणि त्या दात्यांमधे स्प्रिंगनं दाबलेला एक कुत्रा अडकतो. एका बाजूला अडकतो, दुसऱ्या बाजूला घसरतो. वरची छोटी पट्टी फिरवली की अडकायची बाजू बदलते, कसायचं का सोडवायचं ते त्याच्यावर. अमेरिकेत १८६३ साली रिचर्डसन नावाच्या माणसानं गोट्या बदलता येणाऱ्या अशा पान्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना हीच आहे, बदललंय ते फक्त दाते किती, कुत्रे किती आणि पोलाद कसलं.

आता साइज. आमच्याकडं सुताचा हिशोब चालतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती म्हणजे पाव इंच चौकोन, तीन सुती म्हणजे ज्याला थ्री-एट म्हणतात तो, आणि चार सुती म्हणजे अर्धा इंच. बहुतेक जण डोळे झाकून अर्धा इंची घेतात कारण तो दणकट दिसतो. ट्रॅक्टरला बरोबर आहे. पण मोटारसायकलच्या इंजिन कव्हरचा छोटा ६ एमएमचा बोल्ट असतो ना, ज्याला ८ किंवा १० नंबरची गोटी लागते, त्याला १० न्यूटन मीटरच्या आसपासच ताण लागतो. २५ सेंटीमीटर लांब हँडलच्या टोकाला चार किलोचा जोर दिला की तेवढा ताण झाला. चार किलो! आपण सवयीनं त्याच्यापेक्षा किती तरी जास्त ओढतो, मग बोल्ट तरी तुटतो नाहीतर अॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. म्हणून घरी फक्त गाडीच खोलायची असेल तर तीन सुती घ्या. मला कुणी एकच रॅचेट ठेव म्हटलं तर मी तीन सुतीच ठेवीन, जड कामाला वेगळा दांडा आहेच, त्याचं पुढं सांगतो.

दात्यांच्या आकड्यावर सध्या लई जाहिरात चालते, ७२ दाते, ९० दाते, १२० दाते. त्याचा अर्थ साधा आहे, ३६० अंशाला दात्यांनी भागायचं. २४ दात्यांचा असेल तर पुढचा दात पकडायला हँडल १५ अंश फिरवावं लागतं, ३६ ला १० अंश, ७२ ला ५ अंश. नुसते अंश ऐकून काही कळत नाही म्हणून सेंटीमीटरमधे सांगतो, २५ सेंटीमीटरच्या हँडलचं टोक २४ दात्याला साडेसहा सेंटीमीटर हलवावं लागतं, ३६ ला साडेचारच्या आत आणि ७२ ला दोन-सव्वादोन. ट्रॅक्टरच्या डायनॅमोचा खालचा बोल्ट सोडवताना हात घालायलाच जेमतेम जागा असते, तिथं साडेसहा सेंटीमीटर कुठनं आणणार, एका बाजूला ब्लॉक आणि दुसऱ्या बाजूला पाइप. तिथं ७२ दात्यांचा सोनं आहे. पण दाते जेवढे जास्त तेवढे ते बारीक, आणि बारीक दात्याला पोलाद चांगलं नसलं आणि कुत्रा एकाच वेळी पाच-सहा दाते धरणारा नसला की तो लवकर घसरतो. स्वस्तातला ७२ घेण्यापेक्षा स्वस्तातला २४ किंवा ३६ बरा, त्याचे दाते जाड असतात, आवाज मोठा करतो पण टिकतो. जास्त दाते पाहिजेत तर पैसे मोजायची तयारी ठेवा, मधला मार्ग मला तरी सापडला नाही.

आता दुकान. जाताना खिशात एक १० एमएमचा बोल्ट, त्याचा नट आणि त्याला बसणारी गोटी घेऊन जा, घरातली जुनी बी चालेल. दुकानदार आधी कपाळाला आठ्या घालतो, घालू द्या.

पहिलं काम, दाते स्वतः मोजा. डब्यावर काय लिहिलंय ते सोडा, चौकोन बोटात धरून पाव फेरा फिरवा आणि खट खट मोजा, गुणिले चार. अठरा वाजले तर ७२, नऊ वाजले तर ३६, सहा वाजले तर २४. मोजतानाच आवाजाकडं कान ठेवा. प्रत्येक खटका सारखा आला पाहिजे, मधेच एखादा दबका किंवा दोन एकदम आले तर तिथं दाता नीट कापलेला नाही. हा फेरा दोन्ही बाजूंनी करायचा, कारण कित्येक रॅचेट कसायच्या बाजूला छान वाजतात आणि सोडवायच्या बाजूला मेलेले असतात.

दुसरं, जे बहुतेक जण बघतच नाहीत आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे परतीचा जोर. बोल्टवर नट दोन-तीन आटे हातानं चढवा, नट बोल्टवर ढिला पाहिजे, मग गोटी लावून बोल्ट डाव्या हातात धरा आणि रॅचेट पुढं-मागं करा. चांगल्या रॅचेटमधे पुढं जाताना नट कसतो आणि मागं येताना नट जागेवर राहतो. आतली स्प्रिंग फार कडक असली किंवा दाते खरखरीत असले की मागं येताना नट बी बरोबर मागं येतो, म्हणजे तुम्ही कितीही हात हलवा नट तिथल्या तिथं. दुकानात हे किरकोळ वाटेल, पण मोटारीच्या फ्लॅंजला आठ बोल्ट असतात आणि सुरुवातीचे आटे सगळे ढिलेच असतात, तिथं प्रत्येक नट बोटानं धरून बसावं लागतं. बारीक दात्यांच्या चांगल्या रॅचेटची किंमत इथं वसूल होते.

तिसरं, बाजू बदलायची पट्टी. अंगठ्यानं फिरवून बघा, टक करून पूर्ण पलीकडं गेली पाहिजे. मग मुद्दाम अर्ध्यावर सोडा. चांगली असेल तर ती स्वतःहून कुठल्या तरी एका बाजूला उडी मारते. अर्ध्यावर तशीच उभी राहिली तर तो रॅचेट परत ठेवा, किंमत कितीही कमी असू द्या, काहून की काम करताना एखाद्या पत्र्याला लागून ती अर्ध्यावर आली की कुत्रा दात्याच्या नुसत्या टोकावर टेकतो आणि पूर्ण ताणात सुटतो. माझ्या हाताचं तेच झालं असावं असं मला नंतर वाटलं. पट्टी डोक्याच्या फार वर आलेली नको, आणि तेलकट अंगठ्यानं फिरली पाहिजे, दुकानात अंगठ्याला थोडं खोबरेल लावून बघायला काय जातंय.

चौथं, चौकोन. त्याच्यावर स्प्रिंगचा बारका छर्रा असतो, गोटी अडकून राहावी म्हणून. गोटी लावून रॅचेट उलटा करून झटका द्या, पडली नाही पाहिजे. पण काढताना दोन्ही हातांनी कुस्ती खेळावी लागली तर तेही चूक. डोक्यावर बटण असलेला मिळाला तर घ्या, बटण दाबलं की गोटी सुटते, हात ग्रीसनं भरलेले असताना हे सुख कळतं. गोटी लावल्यावर ती चौकोनावर किती डुलते ते बघा. थोडी हालचाल चालते, गोटी तिरकी होत असेल तर चौकोन बारीक कापलाय.

आणि शेवटी खरा ताण. दुकानदाराकडं व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, असेल तर उत्तम, नसेल तर बाहेर उभ्या आपल्याच गाडीच्या एखाद्या घट्ट नटावर लावा, सोडवायच्या बाजूनं हळूहळू जोर वाढवत न्या, झटका नाही. आत दाबल्यासारखं लुसलुशीत वाटलं किंवा टिक करून एक दात सरकल्यासारखं झालं तर तिथंच निकाल लागला. नट हलला असेल तर परत कसून मगच घरी जा.

हाताला कसा बसतो याच्याकडं आपल्या भागात वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. एप्रिल-मेमधे परभणी, नांदेड, जालना सगळीकडं पारा ४२-४३ ला जातो, शेतात उघड्यावर ठेवलेला गुळगुळीत क्रोमचा दांडा दुपारी दोन वाजता उचलून बघा, चटका बसतो. रबरी मुठीचा त्या वेळी बरा वाटतो आणि हाताला वळ बी पडत नाहीत. पण रबरात दोन प्रकार येतात. एक घट्ट, दोन थरांचं, दांड्यावर ओतूनच बसवलेलं. दुसरं नुसतं नळीसारखं चढवलेलं, ते डिझेल लागलं की फुगतं आणि मुठीत गोल फिरायला लागतं, आणि मूठ फिरली की पकड गेली. दुकानात दोन्ही हातांनी पिळून बघा. काळ्या मातीत काम असेल तर मी धातूचाच, जाळीदार खाचा मारलेला दांडा घेतो, फडक्यानं पुसला की साफ, आणि ऊन असलं की ओलं पोतं टाकून ठेवायचं. पूर्ण पॉलिश केलेला सुंदर दिसतो, पण तेल लागलेल्या हातातनं मासोळीसारखा निसटतो.

वजन बी हातात तोलून बघा. जड म्हणजे चांगला असं काही नाही, पण डोकं जड आणि दांडा पोकळ वाटला तर मनगट लवकर दुखतं. डोकं जेवढं पातळ तेवढं अडचणीत जातं.

क्रोम व्हॅनेडियम हे पोलाद चांगलंच असतं, त्याच्याबद्दल वाद नाही, फक्त ते शब्द कोरायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून मी क्रोमचा मुलामा बघतो. चौकोनाच्या आतल्या कोपऱ्यात आणि अक्षरांच्या खाचेत नखानं खरवडा. तिथं फुगवटा, फोड किंवा तांबूस ठिपका दिसला तर पावसाळ्यात तिथनं पापुद्रा सुटणार, आणि सुटलेलं क्रोम ब्लेडसारखं हात कापतं. नावाजलेल्या कंपन्यांचा नकली माल बी बाजारात असतो, नावाचं स्पेलिंग, अक्षरांची खोली, डब्यावरचा पत्ता आणि पक्कं बिल हे चार बघितले तरी बराचसा धोका टळतो.

किमतीचं बोलायचं तर डब्यातल्या नगांच्या आकड्याला भुलू नका. ४६ नगांच्या सेटमधल्या दहा-बारा गोट्याच आयुष्यभर वापरल्या जातात, बाकीच्या डब्यात गंजतात. मी काय केलं तर त्याच पैशात एक चांगला रॅचेट सुटा घेतला आणि ८, १०, १२, १३, १४, १७, १९ एवढ्या गोट्या, एक लांब आणि एक आखूड एक्सटेन्शन, बस्. नंतर जशी गरज पडली तशी एकेक गोटी वाढवली. गोट्या सहा कोनी घ्या, त्या नटाच्या सपाट अंगाला धरतात, बारा कोनी बसवायला सोप्या पण झिजलेल्या नटाचे कोपरे खातात.

टपारिया आपल्या नाशिकची कंपनी, तिचा माल तालुक्याच्या दुकानात सुद्धा मिळतो आणि घरच्या, शेतीच्या कामाला पहिला नंबर मी तिलाच देतो, कारण सुटी गोटी कधीही मिळते. स्टॅन्ली घेणारे बी आमच्या कंपनीत बरेच आहेत. जर्मन गेडोर वगैरे महाग, पण त्यांच्या रॅचेटला दुरुस्तीचं किट मिळतं, म्हणजे चक्र, कुत्रा, स्प्रिंग नवीन टाकली की दांडा आयुष्यभर चालतो. रोज आठ तास ज्याचं पोट त्याच्यावर आहे त्यानं हा हिशोब करावा. घेताना डोक्याला स्क्रू किंवा सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी काढता येणारी कडी, आहे का बघा, रिबिट मारून बंद केलेला असेल तर तो बिघडला की फेकायचाच.

एक गोष्ट अजून, जुना माल. संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात कारखान्यातनं निघालेली जुनी हत्यारं येतात, तिथं क्रोम उडालेला पण आतून ठणठणीत रॅचेट कधी कधी नव्याच्या पाव किमतीत हाती लागतो. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तिथं उभ्या उभ्या करा, विकणारा काही बोलत नाही.

आता तो जड कामाचा दांडा. गंजून बसलेला नट रॅचेटनं सोडवायचा नाही, कितीही भारी असला तरी नाही. २५ सेंटीमीटरच्या हँडलला ४० किलोचा जोर म्हणजे साधारण १०० न्यूटन मीटर, हे अर्ध्या इंचाचा चांगला रॅचेट आरामात सोसतो. पण आपण काय करतो, मीटरभर पाइप घालतो आणि लोंबकळतो. तोच ४० किलोचा जोर आता ४०० च्या जवळ गेला, आणि हा सगळा ताण आतल्या पाच-सहा बारीक दात्यांवर. त्याच्यासाठी सरळ टी हँडल किंवा बिनदात्याचा लांब दांडा ठेवा, त्याच्यात घसरण्यासारखे दातेच नसतात. आधी नटाला गंज सोडवायचं तेल मारा, रात्रभर ठेवा, लांब दांड्यानं नट पहिला पाव फेरा फोडा, आणि मग रॅचेट लावून भराभर काढा. त्याचं काम वेग आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट तर रॅचेटला दाखवायचे सुद्धा नाहीत.

घेतल्यावर देखभाल फार नाही, पण एक चूक सगळे करतात, ग्रीस भरतात. घट्ट ग्रीसमधे, विशेषतः ७२ दात्यांच्या डोक्यात, कुत्रा आळसावतो, स्प्रिंग त्याला वेळेवर दात्यात ढकलत नाही आणि ताण द्यायच्या वेळी तो अर्धाच बसलेला असतो. थंडीत सकाळी हे जास्त होतं. वर्षातनं एकदा, मी दिवाळीच्या सुट्टीत करतो, डोकं खोलायचं, पण परातीत खोलायचं आणि अंगावर लुंगी पसरून बसायचं, कारण तो छर्रा आणि स्प्रिंग उडाली की मातीत सापडत नाही. खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुत्र्याचं तोंड कुणीकडं होतं ते नंतर आठवत नाही. डिझेलनं ब्रश मारून सगळं धुवा, फडक्यानं कोरडं करा, दात्यांच्या कडा उजेडात धरून बघा, कडा टोकदार असल्या तर अजून आयुष्य आहे, चमकून गोल झाल्या असतील तर किट मागवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब दात्यांवर, एक छर्ऱ्यावर, झाकण लावा आणि कानाजवळ धरून दोन्ही बाजूंनी एकेक पूर्ण फेरा फिरवा. नवीन असताना दुकानात ऐकला होता तसाच आवाज आला पाहिजे.